वाशीची बाजारपेठ इतकी जवळ, तरी मानखुर्दच्या दुकानात डाळ का संपते?

मानखुर्दला राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वसाहतीतील किराणा दुकानांत दर महिन्याला काही दिवस तूरडाळ, खाद्यतेल किंवा नेहमीचे पीठ मिळत नाही. मिळाले तर भाव चढलेला असतो आणि दुकानदार ‘वरूनच माल आलेला नाही’ एवढेच सांगतो. त्याच दिवशी चेंबूरच्या किंवा पवईच्या मोठ्या दुकानांत मांडण्या भरलेल्या असतात. वाशीची घाऊक बाजारपेठ खाडीच्या पलीकडे आहे आणि तेथून मुंबईत येणारा बराचसा माल मानखुर्दवरूनच पुढे जातो. मग असे का घडते, ही साठेबाजी आहे का आणि रहिवाशांना काही करता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

धान्य आणि किराणा मालाच्या घाऊक व्यापारात व पुढे वितरणात माझी नोकरी झाली. त्या अनुभवावरून आधी मुख्य उत्तर देतो. मुंबईत दुकान रिकामे दिसते तेव्हा बहुतेक वेळा माल शहरात असतो. तो कोणाकडे आधी जाणार आणि कोणाकडे शेवटी, याचा एक क्रम असतो. हा क्रम अंतरावर ठरत नाही. दुकानदार एका वेळी किती माल उचलतो, पैसे केव्हा देतो, त्याच्या दारापर्यंत टेम्पो जातो का आणि माल ठेवायला त्याच्याकडे जागा आहे का, या चार गोष्टींवर तो ठरतो. मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्यांमधील दुकानदार या चारही बाबतींत मागे असतो. म्हणून बाजारपेठेपासून दहा-बारा किलोमीटरवर असूनही तो रांगेत शेवटी उभा असतो आणि तिप्पट अंतरावरच्या बोरिवलीतील मोठ्या दुकानाचा माल त्याच्या आधी पोहोचतो.

याची पार्श्वभूमी थोडी सांगायला हवी. एके काळी धान्याचा घाऊक व्यापार मशीद बंदरच्या दाणाबंदरात होता, भाजी भायखळ्याला उतरत असे आणि फळे क्रॉफर्ड मार्केटात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हे बाजार टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत हलवले गेले आणि आज कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला व धान्य अशी पाच आवारे तेथे आहेत. दक्षिण मुंबईतील कोंडी कमी करण्यासाठी ते स्थलांतर आवश्यक होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र त्यामुळे एक गोष्ट बदलली. पूर्वी लहान दुकानदार लोकलने मशीद बंदरला उतरून, चार पेढ्या फिरून, माल डोळ्यांनी पाहून दोन-चार कट्टे, म्हणजे छोट्या गोण्या, हातगाडीवर चढवू शकत असे. आता त्याला दुकान बंद ठेवून खाडीपलीकडे जावे लागते आणि परत येताना टेम्पोचे भाडे भरावे लागते. ज्याला पूर्ण गाडी भरायची असते त्याच्या दृष्टीने वाशी सोयीची आहे. ज्याला चारच कट्टे हवे असतात त्याला ती महाग पडते.

हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. समजा, वाशीहून मानखुर्दच्या आतल्या रस्त्यापर्यंत छोट्या टेम्पोचे भाडे आणि हमाली मिळून अठराशे रुपये होतात. तीस किलोचे तीस कट्टे नेणाऱ्याला कट्ट्यामागे साठ रुपये, म्हणजे किलोमागे दोन रुपये खर्च येतो. चार कट्टे नेणाऱ्याला तोच खर्च किलोमागे पंधरा रुपये पडतो. इतका भार सोसून डाळ विकणे शक्य नसल्यामुळे तो वाशीला जातच नाही. जवळच्या मोठ्या दुकानदाराकडून किंवा वस्तीतल्या अर्ध-घाऊक व्यापाऱ्याकडून एक-दोन कट्टे घेतो. तो मधला व्यापारी आपला नफा ठेवतो, उधारीचा भाव वेगळा लावतो आणि माल कमी पडला की आधी स्वतःचे गिऱ्हाईक सांभाळतो. आपल्या दुकानदाराचे ‘वरून माल आलेला नाही’ हे म्हणणे पुष्कळदा अक्षरशः खरे असते. त्याच्यासाठी ‘वर’ म्हणजे वाशी नसून दोन गल्ल्या पलीकडचे गोदाम असते.

पाकीटबंद मालाची, म्हणजे तेल, पीठ, साबण, बिस्किटे यांची साखळी वेगळी आहे. कंपनीच्या डेपोतून माल त्या भागाच्या वितरकाकडे येतो. वितरकाचा विक्रेता आठवड्यातील ठरलेल्या दिवशी ठरलेल्या रस्त्यावरील दुकानांची मागणी नोंदवून घेतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचा टेम्पो माल टाकतो. ही व्यवस्था एरवी उत्तम चालते. अडचण येते ती कंपनीकडून वितरकाला मागणीच्या निम्माच माल मिळतो तेव्हा. त्या वेळी कोणाला किती द्यायचे हे वितरक ठरवतो. ज्या दुकानाचे बिल मोठे, ज्याचा धनादेश वेळेवर वटतो आणि जेथे टेम्पो दुकानासमोर पाच मिनिटे उभा राहू शकतो, त्याचे नाव यादीत वर असते. बोळातल्या ज्या दुकानात माल डोक्यावरून न्यावा लागतो, जेथे मागच्या आठवड्याची उधारी बाकी आहे आणि जेथे आठ-दहा पाकिटांचीच मागणी आहे, ते यादीत खाली जाते. यात कोणाचा दुष्टपणा असतोच असे नाही. वितरकालाही दिवसात ठरावीक फेऱ्यांतच गाडी रिकामी करायची असते. परंतु एकाच प्रकारच्या वस्तीतील शंभर दुकाने एकाच वेळी यादीत खाली गेली की ती संपूर्ण वस्ती यादीत खाली जाते, आणि मला या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर दोष हाच वाटतो.

मोठी साखळी दुकाने या रांगेत नसतातच. त्यांचा कंपनीशी थेट करार असतो, स्वतःची गोदामे असतात, आणि माल कमी पडला तरी त्यांचा वाटा आधी बाजूला काढला जातो. दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या सेवांची छोटी गोदामे दोन-तीन किलोमीटरच्या परिघासाठी असतात. ती कोठे उघडायची हे त्या परिघातील घरांच्या सरासरी मागणीवरून ठरते. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग, म्हणजे मानखुर्द, गोवंडी, देवनार, शिवाजीनगरचा पट्टा, शहरात तळाशी होता. गुंतवणूकदार नकाशा पाहून दुकान टाकतो तेव्हा अशा विभागाचा क्रम शेवटी येतो, आणि मुख्य रस्त्यावर एखादे मोठे दुकान झाले तरी महिन्याचा किराणा एकदम भरण्याइतके पैसे हाती नसलेल्या घराला त्याचा उपयोग मर्यादित असतो. रोजंदारीवर चालणारे घर पाव किलो डाळ आणि शंभर मिलीलिटर तेल घेते. ते उधारीवर देणारा दुकानदार वस्तीतलाच असावा लागतो.

म्हणून टंचाई नेहमी रिकाम्या मांडणीच्याच रूपात दिसेल असे नाही. वस्तीच्या दुकानात ती अनेकदा भावातून आणि प्रतीतून दिसते. डाळ असते, पण मागच्या हंगामाची, तुकडा जास्त असलेली. तेल असते, पण नेहमीच्या छापाचे नसते. पाव किलोचा भाव चारने गुणला तर किलोच्या भावापेक्षा बराच जास्त निघतो. आपण पुढच्या वेळी तुलना कराल तेव्हा एकाच दिवशी, एकाच प्रतीची, किलोमागची किंमत तीन ठिकाणी लिहून घ्या. किती फरक वाहतुकीचा, किती मधल्या व्यापाऱ्याचा आणि किती उधारीचा आहे हे त्यातून बऱ्यापैकी उलगडते.

हे सारे अटळ आहे असे मात्र मी मानत नाही, कारण याच शहरात एक वस्तू जवळजवळ समान पोहोचते, ती म्हणजे पिशवीतील दूध. कोल्हापूरहून, पश्चिम महाराष्ट्रातून आणि गुजरातेतून येणारे दूध पहाटे मलबार हिलला आणि शिवाजीनगरला साधारण एकाच सुमारास उतरते आणि पिशवीवर किंमत एकच असते. येथे मार्ग रोजचे असतात, क्रेटांची अदलाबदल होते, पैसे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चुकते होतात, लिटरमागे कमिशन ठरलेले असते आणि कोणालाही साठवण करावी लागत नाही. लहान गिऱ्हाइकाला मागे ढकलण्याचे कारणच या रचनेत उरत नाही. काही दुकानदार थंड ठेवण्याच्या नावाखाली छापील किमतीवर रुपया-दोन रुपये घेतात. ते बेकायदा आहे आणि वजन-मापे व छापील किमती तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडे त्याची तक्रार करता येते. पण पुरवठ्याची घडी नीट बसवली तर वस्ती गरीब असूनही माल वेळेवर येतो, हे दूध रोज सिद्ध करते.

आता खऱ्या टंचाईकडे वळू. माल शहरातच कमी येतो असे प्रसंगही असतात आणि त्यांची कारणे वेगवेगळी असल्यामुळे त्यांचा कालावधीही वेगवेगळा असतो. कांद्याचे उदाहरण घ्या. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, शेतावरच्या हवेशीर कांदाचाळीत साठवला जातो आणि ऑक्टोबरपर्यंत शहराला पुरवतो. त्यानंतर खरिपाचा नवा कांदा यावा लागतो. २०१९मध्ये परतीच्या पावसाने खरिपाचे पीक झोडपले, चाळीतला कांदा संपत आला आणि डिसेंबरात मुंबईत किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला. ही टंचाई पुढचे पीक येईपर्यंत टिकणार हे लासलगावच्या कांदा बाजारातील आवक पाहणाऱ्या प्रत्येकाला कळत होते. तूरडाळ २०१५च्या दिवाळीच्या तोंडावर किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, त्याचे मूळ लागोपाठच्या कमी पावसात होते. खाद्यतेल आपण निम्म्याहून अधिक आयात करतो. म्हणून एप्रिल २०२२मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा त्याची झळ काही दिवसांत मानखुर्दच्या सुट्या तेलाच्या डब्यापर्यंत पोहोचली. अशा वेळी सगळ्या शहराला भाव चढा पडतो, परंतु ज्या घरात महिन्याचा डबा भरलेला असतो त्याला पंधरा दिवस वाट पाहण्याची मुभा असते. रोज पाव किलो घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी वाढीव भाव द्यावा लागतो.

वाहतूक तुटल्यामुळे होणारी टंचाई छोटी पण तीव्र असते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि नंतर कित्येक ठिकाणी दुकानातला मालच भिजून गेला होता. जमिनीच्या पातळीवर, लादीवर कट्टे ठेवणाऱ्या लहान दुकानाचे नुकसान अशा पावसात सर्वाधिक होते. जून २०१७च्या शेतकरी संपात भाजी आणि दूध दोन्हींची आवक घटली. कसारा किंवा माळशेज घाट बंद पडला की पालेभाजी आधी नाहीशी होते, कारण ती एक दिवसही थांबत नाही.

टाळेबंदीने जे दाखवले ते मात्र वेगळे आणि जास्त महत्त्वाचे होते. मार्च २०२०नंतर अनेक मोठ्या गृहसंकुलांनी शेतकरी गटांशी थेट बोलून भाजीची गाडी दारात मागवली. दोनशे घरांची मागणी एका कागदावर येत होती, फाटकापाशी गाडी उभी राहत होती आणि पैसे आगाऊ जमा होत होते. २०१६मध्ये राज्याने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला असल्यामुळे या थेट विक्रीला अडसरही नव्हता. वस्त्यांमध्ये माणसे अधिक होती, मागणीही अधिक होती, परंतु ती एकत्र करणारे कोणी नव्हते आणि गाडी उभी करायला जागा नव्हती. मे २०२०मध्ये संसर्ग पसरल्यामुळे वाशीची आवारे काही दिवस बंद ठेवावी लागली, तेव्हा हा फरक आणखी उघडा पडला. तेथे माथाडी कामगार आणि व्यापारी आजारी पडत होते, काहींचे प्राण गेले, आणि तरीही आवारे पुन्हा उघडताच ती माणसे कामावर आली. शहराच्या ताटात अन्न पडते त्यामागे त्यांचे श्रम आहेत आणि पुरवठ्याची कोणतीही योजना आखताना त्यांचा विचार आधी व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

साठेबाजीबद्दल आपण विचारले आहे. साठेबाजी होते, हे मी नाकारणार नाही. भाव वाढणार असे दिसले की काही व्यापारी माल अडवतात आणि म्हणूनच जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ अन्वये सरकार साठ्यावर मर्यादा घालते. २०१५मध्ये डाळीचे साठे जप्त झाले आणि जून २०२३मध्ये तूर व उडीद यांच्यावर पुन्हा मर्यादा आली. पण गल्लीतील दुकानदाराकडे दहा कट्टे मिळाले तर त्याला साठेबाज म्हणता येत नाही. तो वस्तीचा आठवडाभराचा शिधा असतो. गर्दी करून त्याचे दुकान रिकामे केले तर टंचाई खरोखर निर्माण होते. संशय घ्यायचाच असेल तर साधी खूण अशी आहे: घाऊक बाजारातील आवक नेहमीसारखी आहे, घाऊक भाव स्थिर आहे आणि तरी आपल्याकडे आठवडाभर माल नाही किंवा किरकोळ भाव झपाट्याने चढला आहे, तर अडवणूक मधल्या कडीवर आहे. आवक आणि घाऊक भाव वर्तमानपत्रांत व कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोज पाहता येतात.

रास्त भाव दुकानाची साखळी पूर्णपणे वेगळी आहे आणि तेथे मात्र ‘माल आला नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य हा हक्क आहे, आणि जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. हे धान्य अन्न महामंडळाच्या गोदामांतून येते. खुल्या बाजारातील टंचाईशी त्याचा थेट संबंध नाही. एका दुकानात धान्य नसेल किंवा अंगठा लागत नसेल तर त्याच कार्डावर दुसऱ्या कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते. तक्रारीसाठी १९६७ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि लेखी तक्रार शिधावाटप कार्यालयात देऊन पोच घ्यावी. खरी अडचण या कायद्याच्या कडेला उभ्या असलेल्या कुटुंबांची आहे. शहरी भागात प्राधान्य गटासाठी ५९,००० रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादा धरलेली आहे. मुंबईत एका कमावत्या माणसाचे चार जणांचे घरही ती सहज ओलांडते. अशा केशरी कार्डधारकांना मे-जून २०२०मध्ये सवलतीचे धान्य मिळाले, एरवी त्यांना खुल्या बाजारावरच अवलंबून राहावे लागते. ही मर्यादा मुंबईसाठी वेगळी आणि वाढीव असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या हातात काय आहे, यावर माझा पहिला सल्ला रहिवाशांपेक्षा दुकानदारांना आहे. एकाच रस्त्यावरील आठ-दहा दुकानदारांनी आठवड्यातून एक दिवस ठरवून डाळ, तांदूळ, साखर आणि तेलाची एकत्र मागणी नोंदवली, तर वर मांडलेला पंधरा रुपयांचा खर्च दोन-तीन रुपयांवर येतो आणि पेढीवरही त्यांच्याशी मोठ्या गिऱ्हाइकासारखा व्यवहार होतो. अडचण मुख्यतः विश्वासाची असते: पैसे आधी कोणी भरायचे, माल कमी आला तर वाटणी कशी करायची. म्हणून पैसे आगाऊ गोळा करावेत, वाटणी मागणीच्या प्रमाणात करावी आणि बिलाची प्रत सर्वांना द्यावी. पहिले दोन महिने फक्त डाळ आणि साखर एवढ्याच वस्तू घ्याव्यात. तेलात छापांवरून मतभेद होतात, ते नंतर.

रहिवाशांसाठी मुंबईत याची जुनी परंपरा आहे. गिरणगावातील कामगारांनी १९४८मध्ये नायगावला सुरू केलेल्या सहकारी भांडारातून अपना बाजार उभा राहिला. १९७५मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या घरांचे छोटे संघ करून महिन्याचा माल एकत्र मागवण्याची आणि सदस्यांनीच तो वाटून घेण्याची पद्धत रुजवली. हा अनुभव मुख्यतः मध्यमवर्गीय वस्त्यांतला आहे, कारण त्यात महिन्याचे पैसे एकदम द्यावे लागतात. मानखुर्दसाठी त्यात बदल हवा: मागणी महिन्याऐवजी आठवड्याची आणि पैसे बचत गटाच्या खात्यातून. आपल्या वसाहतीत महिलांचा बचत गट चालत असेल तर सुरुवात तेथून करा, कारण हिशेब ठेवण्याची सवय आणि एकमेकींवरचा भरवसा तेथे आधीच तयार असतो.

महापालिकेकडे मागायचे असेल तर एकच ठोस गोष्ट मागावी, असे मी सुचवेन: वस्तीच्या तोंडाशी, दवाखान्याच्या वाटेवर नसेल अशा ठिकाणी, पहाटे चार ते सात या वेळेत माल उतरवण्यासाठी राखीव जागा. गर्दीच्या वेळी शहरात अवजड वाहनांना बंदी असते आणि दिवसा आतल्या रस्त्यांवर टेम्पो उभा राहिला तर दंड होतो. त्यामुळे कित्येक वितरक त्या रस्त्यांची फेरीच टाळतात. प्रभाग समितीकडे अर्ज करताना त्यासोबत किती दुकाने, कोणत्या गल्ल्या आणि आठवड्याला अंदाजे किती कट्टे माल उतरतो याचा तक्ता जोडा. त्याच तक्त्याची एक प्रत आपल्या भागाच्या वितरकाला द्या आणि विक्रेत्याची फेरी कोणत्या वारी येईल हे त्याच्याकडून लिहून घ्या.